टेक्निक्स एसएल-१२०० एमके७ : वापरणाऱ्यांनी घडवलेल्या यंत्राचे परीक्षण

तबकड्या वाजवणाऱ्या टर्नटेबलचे परीक्षण लिहिताना सहसा आवाजाच्या शुद्धतेपासून सुरुवात केली जाते. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके७ या टर्नटेबलबाबत मात्र आधी हे सांगायला हवे की, ज्या मालिकेतील हे यंत्र आहे तिला जगभर नाव मिळवून दिले ते निर्मात्या कंपनीच्या हिशेबात कुठेच नसलेल्या तरुणांनी. त्यांच्याकडे भांडवल नव्हते, परवाना नव्हता, दुकान नव्हते; होत्या त्या जुन्या तबकड्या, कुठून कुठून जमवलेली यंत्रे आणि नाचायला आलेली गर्दी. त्यांनी टर्नटेबलकडून जे काम करून घेतले ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेले नव्हते. म्हणूनच एमके७ चांगला आहे का, हा प्रश्न मी असा वाचतो : कंपनीने न सुचवलेले काम करायला हे यंत्र अजूनही मोकळीक देते का?

या मालिकेतील पहिला एसएल-१२०० १९७२ साली विक्रीस आला. त्याआधी १९७० साली मात्सुशिता इलेक्ट्रिकने, म्हणजे आजच्या पॅनासोनिकने, टेक्निक्स या नावाखाली एसपी-१० हा थेट मोटारीवर फिरणारा टर्नटेबल बाजारात आणला होता. या रचनेशी शुइची ओबाता या अभियंत्याचे नाव जोडलेले आहे. तोवरच्या बहुतेक टर्नटेबलांत मोटार बाजूला बसवलेली असे आणि ती रबरी पट्ट्याच्या किंवा लहान चाकाच्या मदतीने प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची थाळी, फिरवीत असे. पट्टा कालांतराने सैल पडतो, चाक झिजते आणि दोन्ही कारणांनी गती डळमळू लागते. थेट चालनात प्लॅटर आणि मोटार यांचा अक्ष एकच असल्यामुळे मध्ये झिजणारे काही उरत नाही. अभियंत्यांना हवी होती ती केवळ स्थिर गती आणि कमी घरघर, कारण त्यांच्या नजरेसमोर घरी बसून संगीत ऐकणारा चोखंदळ श्रोता होता. पण त्याच रचनेत एक वेगळी शक्यता दडलेली होती. मोटारीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पुरेसा असेल, तर वरची तबकडी हाताने धरून ठेवली तरी खालचा प्लॅटर कुंभाराच्या चाकासारखा फिरतच राहतो आणि हात सोडताच तबकडी क्षणात पूर्ण गती पकडते. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राशी असा व्यवहार केला की पट्टा घसरतो आणि गती सावरायला वेळ लागतो.

ही शक्यता ज्यांनी ओळखली ते प्रयोगशाळेपासून फार दूर राहत होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी भरवली. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी पैसे उभे करणे हा तिचा हेतू होता. निमंत्रणे हाताने लिहिली होती आणि मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट असे प्रवेशशुल्क ठेवले होते. तबकड्या वाजवायला तिचा थोरला भाऊ क्लाइव्ह होता, जो डीजे कूल हर्क या नावाने पुढे जगाला माहीत झाला. हिपहॉप या संगीतप्रकाराचा जन्मदिवस म्हणून ही तारीख आज सांगितली जाते आणि बहुतेक वर्णनांत प्रकाशझोत भावावर राहतो. मला मात्र वाटते की, त्या संध्याकाळी जागा मिळवणे, दर ठरवणे, जाहिरात करणे आणि कोण वाजवणार हे नक्की करणे ही सगळी उद्योजकाची कामे सिंडीने केली होती आणि त्याचे श्रेय तिला ठळकपणे दिले गेले पाहिजे.

हर्कचा जन्म १९५५ साली जमैकातील किंग्स्टनमध्ये झाला आणि १९६७ साली तो ब्राँक्सला आला. किंग्स्टनमध्ये मोठमोठे ध्वनिक्षेपक उघड्यावर मांडून नाचाचे कार्यक्रम भरवणे हा तेव्हाही रस्त्यावरचा चांगला रुळलेला धंदा होता आणि त्यात ज्याच्याकडे इतरांना न सापडणारी तबकडी असे त्याच्याकडे गर्दी वळे. हर्कने हे व्यापारी शहाणपण बरोबर आणले. प्रतिस्पर्ध्यांना गाण्यांची नावे कळू नयेत म्हणून तो तबकड्यांवरची लेबले पाण्यात भिजवून काढून टाकीत असे. पेटंट, करार, न्यायालय यांतले काहीही ज्यांच्या आवाक्यात नसते त्यांना आपल्या शोधाचे रक्षण करायला गुप्तता हाच मार्ग उरतो, आणि तो मार्ग त्याने नेमका ओळखला होता. गाण्यातील शब्द थांबून केवळ ताल उरतो त्या तुकड्याला लोक सर्वांत उत्साहाने नाचतात, हे त्याच्या लक्षात आले होते. तो तुकडा काही सेकंदांचाच असे. मग एकाच गाण्याच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून, एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा आणि तो हवा तितका लांबवायचा, अशी पद्धत त्याने बसवली. ग्राहकाची गरज आधी पाहणे आणि मग हाताशी असलेल्या साधनांनी ती भागवणे, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सहज आठवत नाही.

हर्कची पद्धत ढोबळ होती. तिला अचूकता दिली ग्रँडमास्टर फ्लॅशने. त्याने शाळेत इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले होते आणि लोकांनी टाकून दिलेली यंत्रे उघडून पाहण्याची त्याला सवय होती. तुकडा नेमका कुठे सुरू होतो हे डोळ्यांना दिसावे म्हणून तो तबकडीवर मेणाच्या रंगीत खडूने खूण करी आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे तबकडी किती वळसे मागे न्यायची ते मोजी. प्लॅटरवर येणारी रबरी चटई तबकडीला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे तबकडी हाताने मागे-पुढे करणे जड जाते. त्याने त्या जागी फेल्टचा गोल तुकडा स्टार्चने कडक करून ठेवला. तबकडी त्यावरून अलगद सरकू लागली आणि आज स्लिपमॅट म्हणून विकली जाणारी वस्तू जन्माला आली. लोकांना ऐकू न जाता पुढची तबकडी हेडफोनमध्ये आधी ऐकता यावी म्हणून त्याने मिक्सरला, म्हणजे दोन टर्नटेबलांचा आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला, जोडण्यासाठी स्वतःच एक स्विच तयार केला. त्याच परिसरातल्या ग्रँड विझर्ड थिओडोर या किशोरवयीन मुलाने तबकडी सुईखाली मागे-पुढे घासून, म्हणजे स्क्रॅच करून, निघणाऱ्या आवाजाचेच वादन केले. आई खोलीच्या दाराशी येऊन आवाज कमी कर म्हणून सांगत असताना तबकडी हाताने धरून ठेवली आणि तेव्हा तो आवाज कानात भरला, असे थिओडोरने स्वतः सांगितले आहे. या सगळ्यांकडे त्या काळी एसएल-१२०० होता असे मात्र नाही. जे यंत्र मिळेल, परवडेल, त्यावर हे प्रयोग झाले आणि कोणत्या प्रकारचे यंत्र हा मारा सहन करते याची पारख त्यातूनच होत गेली.

कंपनीचे खरे कौतुक १९७९ सालासाठी करायला हवे. त्या वर्षी आलेल्या एसएल-१२०० एमके२ मध्ये नाचघरांतील वापर डोळ्यांसमोर ठेवून बदल केलेले होते. आधीच्या नमुन्यात गती कमी-जास्त करण्यासाठी लहान गोल खुंट्या होत्या. त्यांच्या जागी उजव्या हाताला सरळ रेषेत सरकणारा लांब पिच फेडर आला. त्याने गती आठ टक्क्यांपर्यंत वाढवता किंवा घटवता येते आणि दोन गाण्यांचे ताल जुळवण्याचे काम बोटांच्या टोकावर येते. क्वार्ट्झ स्फटिकाच्या नियंत्रणामुळे गती पक्की राहिली. जड रबरी तळामुळे नाचणाऱ्या पायांचे आणि ध्वनिक्षेपकांचे हादरे सुईपर्यंत कमी पोहोचू लागले. अंधारात सुई नेमकी ठेवता यावी म्हणून एक छोटा दिवा वर उचलला जाई. प्लॅटरच्या कडेला ठिपक्यांच्या चार ओळी आहेत, त्यांवरून गती मूळ आहे की ३.३ टक्के कमी, ३.३ टक्के जास्त किंवा ६ टक्के जास्त आहे हे लाल प्रकाशात नजरेने कळते. यंत्र आपल्या कल्पनेपलीकडे वापरले जात आहे हे कळल्यावर असा वापर करणाऱ्यांना दटावण्याऐवजी त्यांच्या हाताला सोयीचे यंत्र करून देणे, हा निर्णय त्या काळच्या प्रतिष्ठित ध्वनी-उद्योगात धाडसाचाच होता. पुढची तीन दशके हा आराखडा मुळापासून बदलावा लागला नाही आणि २०१० पर्यंत या मालिकेतील ३५ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली.

या यशाभोवती जे छोटे व्यवसाय वाढले त्यांची नोंद कुठल्याही वार्षिक अहवालात सापडणार नाही. पार्टीत वाजवलेल्या संगीताच्या कॅसेट हातोहात विकल्या जात. गाण्यांतून नेमके तालाचे तुकडे असलेल्या जुन्या तबकड्या शोधून काढणारे आणि त्या डीजेंना विकणारे लोक होते. घरच्या टेबलावर यंत्र उघडून झिजलेला पिच फेडर बदलून देणारे, टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगमधील ढिलाई काढणारे, तुटलेली केबल नव्याने डाखणारे कारागीर शहराशहरांत तयार झाले आणि त्यांची कीर्ती तोंडी पसरली. एमके२ मध्ये केबल आतून पक्की जोडलेली असल्यामुळे ती बदलण्यासाठी यंत्र उघडावे लागे. तिच्या जागी सुटी जोडणी बसवून देणे हे या कारागिरांचे नेहमीचे काम होते. हे सगळे शक्य झाले कारण यंत्राचे भाग स्क्रूने बसवलेले होते, सुटे भाग मिळत होते आणि आत काय चालले आहे हे पाहून समजण्यासारखे होते. दुरुस्ती करू देणारी वस्तू आपल्याभोवती रोजगार निर्माण करते. अशा कारागिरांनीच या यंत्राला दीर्घायुष्य दिले, हे मी अगदी खात्रीने म्हणतो.

२०१० साली पॅनासोनिकने उत्पादन थांबवले. वापरलेल्या यंत्रांना मागणी वाढली आणि इतर कंपन्यांनी मोकळी झालेली जागा भरायला सुरुवात केली. २०१४ साली आलेला पायोनियरचा पीएलएक्स-१००० उघडपणे याच आराखड्याच्या वाटेने गेलेला होता. २०१६ साली टेक्निक्सने एसएल-१२०० परत आणला खरा, पण केवळ १२०० नगांची ती मर्यादित आवृत्ती सुमारे ४००० डॉलरची होती आणि तिचा रोख चोखंदळ श्रोत्यांकडे होता. यंत्र म्हणून ती उत्तम असेल, तरीही ज्यांनी या नावाला अर्थ दिला त्यांच्या आवाक्याबाहेर तिला ठेवणे मला खटकले. डीजेंसाठी म्हणून जो नमुना आला तो हा एमके७, २०१९ साली.

एमके७ हाताखाली घेतल्यावर पहिला दिलासा मिळतो तो मांडणीचा. सुरू-बंद करण्याचे मोठे बटण, पिच फेडर, टोनआर्म आणि सुईवरचा दिवा हे सर्व जिथे असायला हवे तिथेच आहेत. जुन्या यंत्रावर वर्षानुवर्षे सराव केलेल्या हाताला नव्याने काही शिकावे लागत नाही आणि हातांच्या सवयींचा हा मान राखणे ही डीजेच्या यंत्रातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. मोटार नवी, लोखंडी गाभा नसलेल्या रचनेची आहे. टॉर्क १.८ किलोग्रॅम-सेंटीमीटर आहे, एमके२ मध्ये तो १.५ होता, प्लॅटर ०.७ सेकंदांत पूर्ण गती घेतो. स्क्रॅच करताना तबकडी सोडली की ती रेंगाळत नाही, लगेच पळू लागते. गतीतील चढउतार ०.०२५ टक्के एवढाच आहे, त्यामुळे लांबलेल्या सुरांतही थरथर जाणवत नाही.

मला सर्वाधिक आवडले ते टॉर्क आणि ब्रेक यांचे नियमन. प्लॅटर काढला की खाली बारीक स्विच दिसतात. त्यांनी मोटारीचा जोर आणि थांबण्याचा वेग निवडता येतो, ठिपक्यांवरचा प्रकाश लाल किंवा निळा करता येतो आणि तबकडी उलट्या दिशेने फिरवण्याची सोयही चालू करता येते. कुणाला प्लॅटर हळूहळू मंदावत थांबलेला हवा असतो, कुणाला एका झटक्यात. दोघांनाही यंत्र नाही म्हणत नाही. मात्र स्विच प्लॅटरखाली असल्यामुळे कार्यक्रम चालू असताना त्यांना हात लावता येत नाही. चुकून धक्का लागू नये हा विचार त्यामागे असावा. पिचची मर्यादा १६ टक्क्यांपर्यंत नेण्याचे बटण मात्र वरच आहे. एमके२ च्या पिच फेडरला शून्यावर खटका होता आणि त्या खटक्याच्या आसपास बारीक फरक साधणे कठीण जाई, ही डीजेंची जुनी तक्रार. इथे फेडर पूर्ण लांबीत सलग सरकतो आणि मूळ गतीवर यायला वेगळे बटण आहे.

केबल आता सुट्या आहेत, म्हणजे कारागीर ज्या बदलाचे पैसे घेत होते तो कारखान्यातूनच करून आला आहे. खोक्यात स्लिपमॅट मिळते, आणि तिच्याखाली घालायची गुळगुळीत पातळ चकतीही. ब्राँक्समधल्या एका घरात स्टार्च मारून कडक केलेला फेल्टचा तुकडा आज निर्मात्या कंपनीच्या अधिकृत साहित्यात मोजला जातो, हे पाहून मला मनापासून आनंद झाला. माहितीपुस्तिकेत त्या माणसाच्या नावाची एक ओळ असती तर तो पूर्ण झाला असता. सुई बसवलेला कार्ट्रिज मात्र सोबत येत नाही आणि सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारा फोनो प्रीअँपही आत नाही. तो मिक्सरमध्ये असावा लागतो. हे मी उणे धरत नाही, कारण स्क्रॅच करणारा आणि शांतपणे ऐकणारा यांना वेगवेगळे कार्ट्रिज लागतात.

उणे धरतो ते वजन. एमके२ याहून जड होता, हा ९.६ किलोचा आहे. खालचा भाग काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकचा केला आहे. यंत्र खांद्यावरून नेणाऱ्याला हा फरक सुखाचा वाटेल, पण मोठ्या ध्वनिक्षेपकांजवळ, हलत्या मंचावर जड तळ सुईचे जे रक्षण करतो त्याला वजनाशिवाय पर्याय नाही. एमके७ चे पाय हादरे शोषतात, आणि लहान सभागृहात कमी वजनाची अडचण जाणवू नये. उघड्या मैदानात मात्र खाली जड फळी किंवा रबरी आधार घ्यावा, असे माझे मत आहे. वरची पट्टी ॲल्युमिनियमची असली तरी बोटांनी टिचकी मारल्यावर जुन्या यंत्राचा तो घट्ट, मुका आवाज येत नाही.

आता मोकळिकीच्या प्रश्नाकडे येऊ. २००४ साली सेराटो या न्यूझीलंडच्या कंपनीने अशी तबकडी आणली जिच्यावर संगीताऐवजी केवळ वेळेची सांकेतिक खूण कोरलेली असते. टर्नटेबल ती खूण वाचतो आणि संगणकातील गाणे त्या गतीने, त्या दिशेने वाजते. म्हणजे हात जुन्याच पद्धतीने चालतात आणि तबकड्यांची जड खोकी घरी ठेवता येतात. या कल्पनेवर नेदरलँड्समध्येही त्याआधी काम झालेले होते. एसएल-१२०० च्या अभियंत्यांनी १९७२ साली याची कल्पना करणे शक्यच नव्हते, पण गती स्थिर आणि हाताला प्रतिसाद चोख असल्यामुळे यंत्रात काहीही न बदलता ते या नव्या कामाला लागले. एमके७ या कामासाठी तितकाच चोख आहे. त्याला स्वतःचे सॉफ्टवेअर नाही, खाते उघडावे लागत नाही, कुठल्या एका प्रणालीशी तो बांधलेला नाही. आजच्या काळात ही अनुपस्थिती मला गुण म्हणून नोंदवावीशी वाटते, कारण उद्या कुणा मुलाला या प्लॅटरवर काय करावेसे वाटेल याचा निर्णय कंपनीच्या हातात राहिलेला नाही.

खरेदीबाबत माझे मत असे आहे. रोज वाजवणाऱ्याने, आणि ज्याला हे काम उपजीविकेसाठी करायचे आहे त्याने, एमके७ ची जोडी घ्यावी. उलट्या दिशेची सोय, १६ टक्क्यांची पिच आणि सुटी केबल यांचा उपयोग त्याला लगेच होईल. शिकाऊ माणसाने नवे यंत्र एक आणि जुना एमके२ एक, असे केले तरी बिघडत नाही, मात्र मोटारींच्या स्वभावातील फरकाशी हाताला जुळवून घ्यावे लागेल. जुना एमके२ घेताना टोनआर्म दोन बोटांनी हलकेच पुढे-मागे ढकलून ढिलाई आहे का ते पाहावे, पिच शून्यावर ठेवून मोठ्या ठिपक्यांची ओळ स्थिर दिसते का ते तपासावे, फेडर टोकापासून टोकापर्यंत सरकवताना ठिपके उड्या मारतात का याकडे लक्ष द्यावे, आणि शक्य असेल तर यंत्र एकदा तरी कुणी कुशल हाताने उघडलेले होते का, हे विक्रेत्याला विचारावे. एखाद्या कारागिराने नीट दुरुस्त केलेले यंत्र मी कधीही न उघडलेल्या यंत्रापेक्षा आधी उचलेन.